न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर

१

ऑफिसात सगळ्यांत आधी पोहोचणाऱ्या माणसाला काही गोष्टी फुकटात मिळतात. मोकळी लिफ्ट, ताजा चहा आणि कुणी न उष्टावलेली शांतता. आक्काच्या वाट्याला पहिल्या दोनच येत, कारण तिचा दिवस सुरू व्हायचा चाचणीच्या खोलीत, आणि ती खोली आठवड्याचे सगळे दिवस श्वास घेत असायची.

खोली लांबट होती. एका टोकाला दार, दुसऱ्या टोकाला खिडकी, आणि मधे भिंतीला लागून टेबलांची रांग. प्रत्येक टेबलावर एक श्वासयंत्र आणि त्याच्या नळीला अडकवलेला रबरी फुगा. ज्यांना स्वतःचा श्वास पुरत नाही अशा माणसांनी घरी वापरायची ही यंत्रं. माणसांकडे जाण्याआधी ती महिनोन्महिने या फुग्यांना श्वास देत बसायची. फुस्स, जरा थांबून सूं, पुन्हा फुस्स. प्रत्येकाची लय वेगळी. नवा माणूस त्या खोलीत पाच मिनिटं टिकत नसे. आक्का मात्र डबासुद्धा तिथेच खायची.

आक्का हे विभागातल्या मंडळींनी ठेवलेलं नाव. ती सगळ्यांवर थोरल्या बहिणीसारखी डाफरायची, म्हणून. काम होतं कर्नेलचं. तिच्या वहिनीची सुरुवातीची दोन वर्षं अशी समजूत होती की नणंद सैन्यातल्या कुणा कर्नलच्या हाताखाली आहे आणि तो मोठा खडूस असावा, कारण ही रोज वैतागून त्याचंच नाव घेते. तसा स्वभाव सारखाच म्हणायचा. कर्नेल म्हणजे यंत्राच्या आत सगळ्यांत खाली बसलेला कारभारी. वरच्या प्रोग्रॅमला हवेची झडप उघडायची असो की दाब मोजायचा असो, थेट लोखंडाला हात लावायची मुभा कुणालाच नाही. कर्नेलला विचारायचं. तो काम करतो आणि एक आकडा परत देतो. शून्य म्हणजे झालं. उणे आकडा म्हणजे नाही झालं, आणि का झालं नाही ते आकड्यावरून ओळखायचं. ‘ते उपकरण जागेवरच नाही’ याचा एक आकडा, ‘आत्ता हात मोकळे नाहीत’ याचा दुसरा, ‘जागा संपली’ याचा तिसरा. अशा कारणांसाठी चार हजारांच्या वर आकडे राखून ठेवलेले आहेत आणि वापरात जेमतेम शे-दीडशे. बाकीच्यांना नाव नाही, अर्थ नाही. नव्या वस्तीत घरं बांधून ठेवावीत आणि राहायला कुणी येऊच नये, तसे ते पडून आहेत.

त्या सकाळी आक्का कप हातात घेऊन एकेक पडदा बघत खिडकीपाशी पोहोचली. शेवटच्या यंत्राच्या पडद्यावर शून्यांची नेहमीची रांग होती, आणि मधेच एक ओळ होती. उणे दोन हजार सातशे तीन.

“हा कोण बुवा?” आक्का मोठ्याने म्हणाली.

त्या आकड्याच्या घरात कुणी राहत नव्हतं.

२

“कचरा असेल,” मिस्त्री म्हणाला. यंत्राच्या सुट्या भागांशी बोलणारे ड्रायव्हर हा लिहायचा, म्हणून मिस्त्री. हाताला चपळ, डोक्याने हुशार आणि पुन्हा तपासून बघायला महा आळशी. “मेमरीचा एखादा कोपरा बिघडला असणार. बोर्ड बदलतो, आक्का. चहा थंड होतोय तुमचा.”

बोर्ड बदलला. जेवणाच्या आधी आकडा पुन्हा आला.

आक्काने आता नीट बघितलं. चाचणीच्या यंत्रांवर प्रत्येक प्रश्न आणि त्याचं उत्तर पडद्यावर जोडीने दिसत असे. झडप उघड, शून्य. दाब सांग, शून्य. या आकड्याच्या शेजारी मात्र प्रश्नाची जागा कोरी होती. तिने वर बघितलं, खाली बघितलं. कुणी काही विचारलंच नव्हतं आणि कर्नेलने उत्तर दिलं होतं.

“असं होत नाही,” ती म्हणाली.

“होत नाही ना? मग झालं,” मिस्त्री हसला. आक्काला हसू आलं नाही. तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकली होती.

एरवी तिनेही कानाडोळा केला असता. पण या तुकडीतलं एक यंत्र तिच्या दादासाठी होतं. लांबलेल्या आजारपणाने दादाच्या छातीचे स्नायू पार थकून गेले होते. जागेपणी तो कसाबसा निभावून न्यायचा, झोपला की श्वास अपुरा पडायचा. डॉक्टरांचं म्हणणं होतं की ताकद हळूहळू परत येईल, तोवर यंत्र हवं, आणि घरी यंत्र असेल तर त्याला घरी न्यायला हरकत नाही. कुठलं यंत्र घ्यायचं हे वहिनीने आक्काला विचारलं. आक्काने छातीठोकपणे सांगितलं होतं, “आमचं.”

संध्याकाळी वहिनीचा फोन आला. “अगं, शुक्रवारी सोडतायत ह्यांना! तुझं यंत्र येतंय ना तोवर? हॉस्पिटलच्या त्या बाकावर बसून माझी पाठ मोडली बघ. आणि शेजारच्या खाटेवरचा माणूस खोकतोय नुसता. ह्यांना त्याचा संसर्ग झाला ना, तर मी काय करू?”

“येतंय, वहिनी,” आक्का म्हणाली. फोन ठेवून ती पुन्हा त्या पडद्यापाशी गेली.

३

दुसऱ्या दिवशी तिने खिडकीशेजारचं यंत्र बंदच करून टाकलं. वायर काढली, फुगा काढला आणि आपल्या खुर्चीत येऊन बसली. खुर्ची दाराजवळ होती.

आकडा शेजारच्या यंत्रावर आला.

तेही बंद केलं. थोड्या वेळाने त्याच्या शेजारच्या यंत्रावर आला. बोर्ड वेगळा, तार वेगळी, दोघांमधे काडीचा संबंध नाही. दुपारपर्यंत रांगेतली अर्धी यंत्रं गप्प झाली होती आणि आकडा एकेक टेबल सोडत दाराकडे सरकत होता. म्हणजे तिच्या खुर्चीकडे.

आक्का शिकलेली बाई होती. तिने स्वतःला समजावलं की हे सरकणं आपणच घडवून आणतोय. आपण शेवटचं यंत्र बंद करतो, म्हणून तो अलीकडच्या यंत्रावर दिसतो. आपण दाराकडून बंद करत गेलो असतो तर तो खिडकीकडे पळाला असता. हे अगदी पटण्यासारखं होतं. तरी तिने खुर्ची उचलून दाराच्या बाहेर ठेवली आणि तिथून मान लांब करून पडदे बघत राहिली.

बाहेरून तिला आणखी एक गोष्ट ऐकू आली. आत बसून ती कधीच कळली नसती. इतकी सगळी यंत्रं आपापल्या लयीत श्वास घेत असताना खोलीत पूर्ण शांतता कधी पडतच नाही. कुणाचं ना कुणाचं फुस्स चालूच असतं. आकडा येण्याआधी मात्र खोली एका श्वासापुरती गप्प व्हायची. कुणी काही विचारलं आहे आणि आता उत्तर ऐकायचं आहे, अशी.

४

साहेबांना आकड्याचं कौतुक नव्हतं. साहेब वाईट नव्हते. त्यांना माल वेळेवर पाठवायचा होता, आणि यादीत नुसता आक्काचा दादा नव्हता, बरीच माणसं वाट बघत होती.

“आक्का, यंत्र बंद पडलं का एकदा तरी?” त्यांनी विचारलं.

“नाही.”

“फुग्यांना श्वास मिळतोय?”

“मिळतोय.”

“मग? मिस्त्रीने एक ओळ टाकली आहे. ओळखीचा नसलेला आकडा आला की त्याचं शून्य करायचं. तुम्ही फक्त हो म्हणा, आज संध्याकाळी पेट्या भरू.”

ती ओळ आक्काने वाचली. साधी, सुबक ओळ. मिस्त्रीने खोलीतल्या सगळ्या यंत्रांवर ती चढवलीही होती आणि सकाळपासून पडद्यांवर शून्याशिवाय काही नव्हतं. खरं सांगायचं तर आक्काचा जीव भांड्यात पडला. तिला कुठे हौस होती? तिला दादा घरी हवा होता. स्वतःच्या पलंगावर, स्वतःच्या उशीवर, वहिनीला हाका मारून हैराण करणारा. फक्त हो म्हणायचं होतं.

“जेवून येते आणि सांगते,” ती म्हणाली.

सगळे जेवायला गेले होते. ती चाचणीच्या खोलीत गेली आणि का कोण जाणे, तिने भिंतीवरचं मोठं बटण दाबून उरलेली सगळी यंत्रं एकदम बंद केली. इतक्या वर्षांत तिने ही खोली गप्प कधी ऐकली नव्हती. खिडकीतून भर दुपारचं ऊन आत आलं होतं. टेबलांवर फुगे चपटे पडले होते. काळे पडदे, आणि त्यात तिचंच अंधुक प्रतिबिंब.

रांगेच्या मधोमध एक फुगा फुगू लागला.

अगदी सावकाश. कष्टाने, दम लागलेल्या माणसाने घ्यावा तसा त्याने श्वास घेतला. भरला. थांबला. मग सूं करून खाली बसला.

नळीत हवा उरली असेल, आक्काच्या डोक्याने ताबडतोब सांगितलं. ती पुढे गेली. त्या फुग्याची नळी काल तिनेच काढून टेबलाच्या कडेला गुंडाळून ठेवली होती. फुगा नुसताच पडला होता. तिने बोट लावलं. रबर कोमट होतं.

आक्का धावली नाही, हे तिच्या बाजूने सांगायला हवं. ती भराभर चालत बाहेर आली, बेसिनवर तोंड धुतलं आणि आरशात बघायचं टाळलं. मग साहेबांच्या दारात जाऊन उभी राहिली.

“नाही,” ती म्हणाली. “माझा नकार आहे.”

“कारण?”

“उत्तर आलंय साहेब. म्हणजे कुणीतरी विचारलंय. ते कोण, ते कळेपर्यंत नाही.”

साहेबांनी चष्मा काढला. “दादांना शुक्रवारी सोडतायत म्हणाला होतात.”

“हो,” आक्का म्हणाली. “म्हणूनच.”

५

मिस्त्रीला राग आला, पण तो थांबला. आधी रुसून, मग कुतूहलाने. आक्काचं म्हणणं वेडगळ होतं आणि तिला ते ठाऊक होतं. जगात एक उत्तर जास्त झालंय, तर कुठेतरी एक उत्तर कमी पडलं असेल. आपल्या यंत्रात असा एखादा प्रश्न शोधायचा, ज्याचं उत्तर कुणी ऐकून घेतच नाही.

“हा हिशेब कुठल्या पुस्तकात आहे, आक्का?”

“माझ्या डोक्यात आहे. तू वाच.”

दोघं शेजारी शेजारी बसून मिस्त्रीचाच ड्रायव्हर ओळीओळीने वाचत गेले. या धंद्यात एक चूक अशी आहे की ती करताना कधीच चूक वाटत नाही. काम सांगायचं, आणि परत आलेला आकडा न बघता पुढे जायचं. नेहमी शून्यच तर येतं, बघायचं काय त्यात! हाक मारून उत्तर ऐकण्याआधीच पाठ फिरवावी, तसं.

“इथे काय केलंस?” आक्काने एका ओळीवर बोट ठेवलं.

मिस्त्री बघत राहिला. ती ओळ झडप उघडायला सांगणारी होती. परत येणारा आकडा कुठेच घेतला नव्हता, आणि खालच्या ओळीत ड्रायव्हर बिनदिक्कत वर शून्य पाठवत होता. झालं, सगळं ठीक.

“झडप नाही कशी उघडेल?” तो पुटपुटला. “ती नेहमी...”

नेहमी उघडायची. पण वीज जाऊन यंत्र बॅटरीवर येत असताना, नेमकी त्याच क्षणी झडप उघडायची वेळ आली, तर झडपेचा भाग ‘आत्ता हात मोकळे नाहीत’ म्हणून आकडा द्यायचा आणि तसाच अडकून बसायचा. तो आकडा ऐकणारं कुणी नव्हतं. बॅटरीवर जाताना उगाच बोंब नको म्हणून दाब घसरला की वाजणारा भोंगाही तेवढा वेळ मुका केलेला होता. दोघांनी विजेची वायर ओढून बघितलं. आधीच्या चाचण्यांमधे वीज नेहमी दोन श्वासांच्या मधे गेली होती, त्यामुळे कधी काही बिघडलं नव्हतं. पुष्कळ वेळा ओढल्यावर तो क्षण एकदाचा सापडला. पडद्यावर हिरवा दिवा. शून्य, शून्य, शून्य. आणि टेबलावर फुगा चपटा पडलेला, कितीतरी वेळ.

मिस्त्री त्या फुग्याकडे बघत होता. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

“आक्का,” तो म्हणाला, “हा माणूस असता तर?”

आक्काने त्याच्या पाठीवर हात ठेवला. डाफरायची ही वेळ नव्हती, एवढं तिला कळत होतं.

६

दुरुस्ती दोन ओळींची होती. आकडा घ्यायचा, आणि शून्य नसेल तर तिथल्या तिथे भोंगा वाजवायचा आणि झडपेचा भाग झटकून पुन्हा सुरू करायचा. मिस्त्रीची ती शून्य करणारी ओळ त्याने स्वतःच खोडली. पण सगळ्या चाचण्या पहिल्यापासून करणं आलं. साहेबांनी कपाळाला हात लावला, वाट बघणाऱ्या घरांना एकेक करून स्वतः फोन केले आणि नंतर आक्काच्या टेबलावर चहाचा कप ठेवून गेले.

दादाचा शुक्रवार गेला. वहिनी फोनवर आधी चिडली, मग रडली, मग म्हणाली, “तू थांब म्हणतेस ना? मग थांबते.” आक्काला ते बोलणं रागापेक्षा जास्त लागलं. पुढचे सगळे दिवस ती ऑफिसातून थेट हॉस्पिटलला जायची, वहिनीला घरी पाठवायची आणि दादाच्या खाटेपाशी बसून त्याची छाती वर येतेय की नाही ते बघत राहायची. शेजारचा माणूस खोकला की तिचं धाबं दणाणायचं. दादाला त्याचा संसर्ग झाला असता, तर ते फुग्याचं आणि आकड्याचं कारण ती कुठल्या तोंडाने सांगणार होती?

दादाला काही झालं नाही. दुरुस्तीनंतर आकडा परत आला नाही. आक्का पुन्हा आत बसून डबा खाऊ लागली. सुरुवातीला पाठ भिंतीला लावून, एवढाच काय तो फरक.

७

दादा घरी आला आणि त्याने पहिल्याच दिवशी उशी कडक झाल्याची तक्रार केली, तेव्हा वहिनीला हसावं की रडावं कळेना. यंत्र पलंगाशेजारी ठेवलं. दादा यंत्राला ‘तुझा कर्नल’ म्हणायचा.

एका रविवारी दुपारी आक्का त्यांच्याकडे होती. दादा जेवून झोपला होता, चेहऱ्यावर मास्क. वहिनी आत भांडी घासत होती. आक्का उशाशी पेपर चाळत बसली होती.

पंखा एकदम मंदावला. वीज गेली होती. दादाची छाती वर यायची वेळ होती, आणि ती आली नाही.

आक्काच्या हातातला पेपर हातातच राहिला. खोली गप्प झाली. ही शांतता ती ओळखत होती. एका श्वासापुरतीच होती ती, पण आक्काला त्या तेवढ्यात पलंगाच्या पलीकडे, भिंत असायला हवी तिथे, लांबच लांब काहीतरी पसरल्यासारखं वाटलं. टेबलं असावीत तसं, किंवा खाटा. नीट बघायला तिने मान वळवली.

भोंगा वाजला.

कानठळ्या बसवणारा, बेसूर, उद्धट भोंगा. आतून वहिनी हात पुसायचं सोडून धावत आली. शिकवलं होतं त्याप्रमाणे तिने मास्कची नळी काढून हाताने दाबायची पिशवी जोडली आणि एक, दोन, तीन वेळा दाबली. दादाची छाती उचलली गेली. तोवर यंत्राच्या आत काहीतरी खट्‌कन सुटलं आणि फुस्स आवाज आला. वहिनीने नळी परत लावली. भोंगा थांबला. दोघी एकमेकींकडे बघत उभ्या राहिल्या. वहिनीच्या हाताला अजून साबण होता.

पलीकडे भिंत होती. भिंतीवर कपाट होतं.

दादाने डोळे उघडले आणि मास्क बाजूला करायची खूण केली. जागेपणी थोडा वेळ त्याला चालायचं.

“घाबरलीस ना, ठमे?” तो म्हणाला. लहानपणापासून तो तिला हेच म्हणायचा.

“मेले होते मी,” आक्का म्हणाली, आणि तिला रडू आवरेना. “तू? तुला कळलं काही?”

“कळलं ना. हवा थांबली.” तो दम घेत घेत बोलत होता. “मग कुणीतरी विचारलं, आहेस का रे? आवाज ओळखीचा नव्हता. मागे पुष्कळ जण श्वास घेत होते. मी म्हटलं, उत्तर द्यायला हवं. म्हणून जोर लावून श्वास घेतला आणि ओ दिली.”

“काय म्हणालास?”

“आहे म्हटलं. आणखी काय म्हणणार?”

वहिनी म्हणाली, “तोंडातून आवाज नाही निघाला हो तुमच्या. ही इथेच होती. स्वप्न पडलं असेल.”

“असेल,” दादा म्हणाला.

हवा कमी पडली की मेंदू काय वाटेल ते ऐकवतो, हे आक्काला माहीत होतं, आणि तिने तसं स्वतःला सांगूनही बघितलं. पण कुणीतरी आज विचारलं होतं, दादाने आज ओ दिली होती, आणि ते उत्तर तिने चाचणीच्या पडद्यावर केव्हाच वाचलं होतं. ते शून्य करून टाकायला एक ‘हो’ पुरलं असतं. तिने दादाचा हात दोन्ही हातांत घट्ट धरून ठेवला. तो उबदार होता.

“परत कुणी विचारलं तर?” तिने हळूच विचारलं.

“तर परत ओ देईन,” दादा म्हणाला. “त्यात काय एवढं? आता मला जरा उठून बसव बघू. आणि वहिनीला सांग, चहा टाक.”